उजवी बॅग अर्धवट, मधली टाकी संथ: वेकसर्फ बोटीच्या बॅलास्टचा एक तपास

मालकाची तक्रार एका वाक्यात होती. सर्फिंग संपवून बॅलास्ट, म्हणजे बोट जड करायला आत घेतलेलं पाणी, सोडलं की परतीच्या वाटेवर बोट उजवीकडे कलते. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर मात्र तिन्ही टाक्या शून्य टक्के दिसतात. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: मधली टाकीही हल्ली जरा वेळ घेते, पण तिचा काही त्रास नाही. उपायही त्यांनी स्वतःच ठरवून आणला होता. "उजवा पंप मेलाय हो. याच्यापेक्षा मोठा टाकून द्या आणि विषय संपवा."

उजवा पंप आधीच एकदा बदललेला होता. त्याचा इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, तोही बदलून झाला होता. दर वेळी काही दिवस बरं चालायचं आणि मग पुन्हा तेच. एखादा भाग बदलल्यावर दुखणं थोडं कमी होऊन परत येत असेल, तर तो भाग बहुधा आजाराचं कारण नसतो, आजाराने खाल्लेला असतो. इथेही तसंच निघालं. पण तिथवर पोचायला बाकीच्या शक्यता एकेक करून बाद कराव्या लागल्या, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

बोटीची मांडणी

वेकसर्फिंगमध्ये माणूस दोरी सोडून देतो आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरच पुढे सरकत राहतो. वेग ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या कमी वेगात दमदार लाट हवी असेल तर बोट पाण्यात खोल बसली पाहिजे, म्हणून मुद्दाम शेकडो लिटर पाणी आत घेतात. या बोटीत मागच्या दोन लॉकरमध्ये प्रत्येकी साधारण ३४० लिटरची मऊ बॅग होती आणि मध्ये जमिनीखाली २५० लिटरची कडक प्लास्टिकची टाकी. तिन्हींना स्वतंत्र पंप, तेही दोन्ही दिशांनी चालणारे. रबरी पात्यांचा इम्पेलर एका बाजूने फिरला की बॅग भरते आणि उलटा फिरला की त्याच नळीने पाणी बाहेर जातं. बॅगेच्या आणि टाकीच्या वरच्या बाजूने एकेक व्हेंट नळी निघून बोटीच्या कडेच्या भोकापर्यंत जाते. भरताना आतली हवा तिथून निघते, आणि भरून झालं की त्याच भोकातून पाण्याची धार पडते.

पडद्यावरच्या आकड्याबद्दल इथेच सांगतो, कारण गैरसमजाची सुरुवात तिथून होते. बऱ्याच बोटींत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सरच नसतो. पंप किती मिनिटं चालला यावरून पडदा टक्केवारीचा हिशेब मांडतो. या बोटीतही तीच पद्धत होती. बॅग रिकामी करायला बारा मिनिटं लावलेली असली की बाराव्या मिनिटाला पडदा शून्य दाखवणार, बॅगेत पाणी असो वा नसो.

पहिली मोजमापं

बोट धक्क्याला बांधली, तिन्ही टाक्या पूर्ण भरल्या. भरताना तिन्ही ठिकाणी काहीच खोट दिसली नाही. वेळ योग्य, आवाज योग्य, तिन्ही व्हेंटमधून धार व्यवस्थित. हे टिपून ठेवलं. पंप, नळी आणि पाणी जिथून आत-बाहेर होतं ते बोटीच्या तळाचं भोक, हे भरताना आणि उपसताना तेच असतं. पंप खरोखर कमजोर असता, किंवा भोकात शेवाळ अडकलेलं असतं, तर भरतानाही कुठेतरी रड दिसली असती. दोष एकाच दिशेला दिसत असेल तर दिशा बदलल्यावर ज्याचं काम बदलतं अशी वस्तू शोधावी लागते.

मग उपसायला सुरुवात केली. तळाचं भोक पाण्याखाली असतं, म्हणून ते बंद करून तिथली नळी सोडवली, आणि तिच्यातून पडणारी धार वीस लिटरच्या बादलीत धरून घड्याळ लावलं. डावी बॅग: बादली पस्तीस सेकंदांत, म्हणजे मिनिटाला साधारण ३४ लिटर. हा वेग शेवटपर्यंत टिकला आणि दहा मिनिटांत बॅग संपली. उजवी बॅग: सुरुवातीला अगदी तोच वेग. सहाव्या मिनिटाच्या सुमारास धार तुटक झाली, बुडबुडे यायला लागले, पंपाचा आवाज चढला आणि थोड्या वेळाने पंपाने पाणीच सोडलं. टायमर संपेपर्यंत तो कोरडाच किंचाळत राहिला. बॅगेत मागे राहिलेलं पाणी नंतर वेगळ्या पंपाने काढून मोजलं, ते ११० लिटरच्या आसपास भरलं. म्हणजे दीड माणसाचं वजन बोटीच्या एका कडेला. बोट कलणारच.

मधली टाकी वेगळंच वागत होती. पहिलं मिनिट मिनिटाला तीस लिटर, आणि मग धार हळूहळू बारीक. तिसऱ्या मिनिटानंतर बादली भरायला दोन मिनिटांहून जास्त लागत होती. बुडबुडे नाहीत, पंपाचा आवाज चढलेला नाही, उलट दबलेला, कण्हल्यासारखा. टायमर संपला तेव्हा टाकीत जवळजवळ १५० लिटर शिल्लक. टाकी बरोबर मध्यरेषेवर असल्याने बोट तिच्यामुळे कलत नव्हती, म्हणून मालकांना तिचा त्रास जाणवत नव्हता. प्रत्यक्षात दोन्ही मिळून अडीचशे किलोच्या वर पाणी दर वेळी ट्रेलरवर चढत होतं.

दोन्ही ठिकाणी परिणाम एकच, पाणी मागे राहतं. पण एक पंप हवा ओढत होता आणि दुसरा ओढून ओढून थकत होता. ही दोन वेगळी दुखणी आहेत. "पंप कमजोर" असं एकच नाव दोघांना दिलं की तपास तिथेच भरकटतो.

वीज, नळ्या आणि पंप

वीज आधी तपासली, कारण ते लवकर उरकतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि चालत्या पंपांच्या टोकांवर १३.१ ते १३.२. तिन्ही पंप सारखेच. वायर, रिले, फ्यूज सगळं ठीक. (इंजिन चालू ठेवून असं काम करताना बोटीच्या मागे पाण्यालगत असलेल्या फळीवर कुणालाही बसू देऊ नये आणि ब्लोअर (इंजिनच्या कप्प्यातली हवा बाहेर टाकणारा पंखा) चालू ठेवावा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो बोटीच्या मागेच साचतो.)

मग डावा आणि उजवा पंप एकमेकांच्या जागी लावले. दोष पंपाबरोबर डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला. मोठ्या पंपाचा प्रस्ताव इथेच निकालात निघाला. खरं तर मोठा पंप बसवला असता तर उजव्या बॅगेत त्याने हवा लवकर ओढली असती आणि मधली टाकी आणखी जोरात आवळली असती. ओढण्याची ताकद कमी पडतच नव्हती.

आता उजवीकडे हवा येते कुठून? सर्वांत पहिला संशय बॅग आणि पंप यांच्यामधल्या सांध्यांवर जातो. सैल क्लॅम्पमधून पंप हवा ओढतो, हे विहिरीवरच्या मोटारीपासून सगळीकडे सारखंच आहे. दोन्ही दिशांनी चालणाऱ्या पंपात हे तपासायची एक सोपी सोय असते. उपसताना जो सांधा ओढीच्या बाजूला असतो, तोच भरताना दाबाच्या बाजूला येतो. म्हणजे उपसताना जिथून हवा आत शिरते, तिथूनच भरताना पाणी पाझरतं. म्हणून प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला आणि बॅग भरली. सगळे कागद कोरडे राहिले. सांधे निर्दोष.

दुसरी नेहमीची शक्यता म्हणजे बॅगेचं वरचं कापड आतल्या भोकावर चिकटणं. बॅग रिकामी होत आली की वरचा पापुद्रा खाली येतो, निचऱ्याच्या भोकावर बसतो आणि वाट बंद करतो. पण तेव्हा बुडबुडे येत नाहीत. धार एकदम थांबते, नळी आवळली जाते आणि पंप दबलेला आवाज करतो. इथे तसं काही नव्हतं. खात्री करायला पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडली. पाचव्या मिनिटापर्यंत काचेसारखं स्वच्छ पाणी, मग एक बुडबुडा, मग माळ, आणि सहाव्या मिनिटानंतर अर्धी नळी हवेने भरलेली. सांधे घट्ट असताना ही हवा येत होती ती बॅगेच्या आतूनच.

लॉकरमध्ये डोकावल्यावर

मागच्या सीटची फळी काढून बॅग उघडी केली आणि पुन्हा उपसायला लावली. हे खरं तर सगळ्यात आधीच करण्यासारखं आहे. पण फळ्या काढणं कंटाळवाणं असल्याने सगळेच ते पुढे ढकलतात.

डावी बॅग उपसताना चपटी होत जाते, कापड खाली बसत जातं आणि शेवटी लॉकरच्या तळाला एक सुरकुतलेली घडी उरते. उजवी बॅग दोन तृतीयांश रिकामी होऊनही उशीसारखी फुगलेली होती. हाताने दाबली तर वर नुसती हवा, पाणी खाली पसरलेलं. बोटीचा तळ सपाट नसतो, त्यामुळे ते पाणी निचऱ्याच्या भोकापासून लांब, बाहेरच्या कोपऱ्यात आणि घड्यांमध्ये जाऊन बसलं होतं. भोक उघडं पडलं होतं आणि पंप हवा ओढत होता.

मऊ बॅगेचं तंत्र इथे समजून घ्यायला हवं. बॅगेत हवा शिरू दिली नाही तर बाहेरच्या हवेचा दाब कापडाला सगळीकडून खाली दाबतो. पाणी कमी होईल तशी बॅग मिटत जाते आणि कुठल्याही कोपऱ्यातलं पाणी ढकललं जाऊन भोकाशी येतं. म्हणून मऊ बॅगेच्या व्हेंट नळीवर वन-वे व्हॉल्व्ह असतो. भरताना तो हवा आणि पाणी बाहेर जाऊ देतो, पण उपसताना बंद होतो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. कडक टाकीचं याच्या नेमकं उलट. तिच्या भिंती मिटू शकत नाहीत. जितकं पाणी बाहेर जाईल तितकी हवा आत यायलाच हवी, नाहीतर आत निर्वात तयार होतो आणि पंप त्याच्याशी झुंजत बसतो. म्हणून तिचा व्हेंट दोन्ही दिशांना मोकळा लागतो.

हे डोक्यात ठेवून बोटीच्या बाहेरच्या अंगाला गेलो. डाव्या कडेला एक व्हेंट, उजव्या कडेला शेजारी शेजारी दोन: एक उजव्या बॅगेचा, एक मधल्या टाकीचा. डावी बॅग उपसायला लावून तिच्या व्हेंटवर ओला अंगठा ठेवला. काही नाही. असंच असायला हवं. उजवी बॅग लावली आणि अंगठा ठेवला, तो लगेच भोकावर ओढला गेला. काढताना चटकन आवाज आला. अंगठा तसाच दाबून ठेवला तर लॉकरमधली बॅग मिटायला लागली आणि पारदर्शक नळीतले बुडबुडे कमी झाले. मग मधली टाकी लावली. इथे ओढ लागायला हवी होती. लागली नाही.

म्हणजे जिथे हवा जायला नको तिथे जात होती आणि जिथे जायला हवी तिथे जात नव्हती. व्हेंटच्या जाळीत कोळ्याने किंवा गांधीलमाशीने घर केलं की कडक टाकीची अशीच घुसमट होते, बोट बरेच दिवस उभी राहिली की हे हमखास घडतं. म्हणून जाळी काढून पाहिली. स्वच्छ होती. व्हेंट नळीला मध्ये झोळ पडून त्यात पाणी साचलं तरी ते बुचासारखं बसतं, पण साचलेल्या पाण्याने भरतानाही गुळगुळ आवाज आणि अडथळा जाणवला असता. खात्रीसाठी टाकीवरचं व्हेंटचं टोकच सैल केलं. नळी निघताना आत हवा शिरल्याचा लांब फुसकारा आला, टाकीचं झाकणाकडचं वरचं अंग "ढब" करून वर आलं आणि पंपाचा कण्हण्याचा आवाज त्याच क्षणी सुटला. बाहेरची धार पुन्हा मिनिटाला तीस लिटर.

टाकीचं अंग वर येण्यात अतिशयोक्ती नाही. आत बाहेरच्यापेक्षा दाब फक्त एक दशांश बार (हवेच्या नेहमीच्या दाबाचा सुमारे दहावा भाग) कमी झाला तरी अर्ध्या चौरस मीटरच्या झाकणावर सुमारे ५०० किलोंचा भार पडतो. रबरी पात्यांचा चांगला पंप एवढी ओढ सहज निर्माण करतो.

चूक कुठे होती

उजव्या कडेच्या दोन्ही व्हेंट नळ्या सीटच्या आतल्या अस्तरामागून वर जातात. तिथे आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं. मधल्या टाकीच्या नळीवर अंगठ्याएवढा काळा वन-वे व्हॉल्व्ह बसवलेला होता, त्यावरचा बाण टाकीकडून बाहेर. उजव्या बॅगेच्या नळीवर, डावीकडे जिथे व्हॉल्व्ह आहे बरोबर त्याच उंचीवर, साधा प्लास्टिकचा जोड. दोन्ही वस्तूंची अदलाबदल झाली होती.

आधीच्या एका दुरुस्तीत हिवाळी साठवणीसाठी या नळ्या सोडवून परत जोडल्या गेल्या होत्या, आणि तक्रार सुरू झाली ती त्यानंतरच्या हंगामात. हे मालकांनी विचारल्यावर सांगितलं. आपणहून सांगायचं त्यांना कारण वाटलं नव्हतं, कारण ती दुरुस्ती पंपांची नव्हती. दोन्ही नळ्या एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या, कुठेही खूण नाही. बोटी बनवणाऱ्यांनी या नळ्यांवर साधी रंगीत पट्टी मारायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

भरताना सगळं ठीक का दिसलं, याचंही उत्तर यात आहे. व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेला उघडतो, त्यामुळे चुकीच्या जागी असूनही टाकी भरताना त्याने हवेला वाट दिली. आणि बॅगेवरचा साधा जोड तर दोन्हीकडून मोकळाच. उपसण्याची वेळ येईपर्यंत दोन्ही वस्तू निरुपद्रवी होत्या.

राहिला प्रश्न नव्या इम्पेलरने मिळणाऱ्या तात्पुरत्या आरामाचा. नवी, ताठ पाती हवा मिसळलेलं पाणीही काही काळ खेचू शकतात, म्हणून बॅगेत थोडं कमी पाणी उरायचं. पण टायमर संपेपर्यंत दर वेळी काही मिनिटं कोरडं फिरायचं. रबराला पाणी हेच वंगण असतं. ते नसलं की पाती घासून तापतात आणि मुळाशी चिरतात. उजवा पंप उघडला तेव्हा पात्यांच्या कडा चकाकत होत्या, दोन पात्यांना मुळाशी चिरा होत्या आणि एक पातं गायबच होतं. ते शोधणं गरजेचं होतं. तुटलेला रबराचा तुकडा नळीत कुठेतरी अडकतो आणि पुढच्या माणसाला वेगळ्याच आजाराच्या मागे धाडतो. तुकडा तळाच्या भोकाजवळच्या कोपरात सापडला.

दुरुस्ती

व्हॉल्व्ह काढून धुतला आणि दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिला. बाणाच्या दिशेने फुंकर सहज गेली, उलट दिशेने अजिबात नाही. तो उजव्या बॅगेच्या नळीवर, बाण बॅगेकडून बाहेर, असा बसवला. साधा जोड टाकीच्या नळीवर गेला. टाकीची व्हेंट नळी थोडी आखूड करून सरळ चढती ठेवली, म्हणजे झोळ पडायला जागा नको. उजव्या पंपात नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून बसवला. मधल्या पंपाचा इम्पेलर काढून पाहिला, ठीक होता, तोच परत ठेवला. तिन्ही नळ्यांच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या मारल्या.

पुन्हा बादली आणि घड्याळ. उजवी बॅग दहा मिनिटांत चपटी झाली, आत चार-पाच लिटर उरलं. मधली टाकी साडेआठ मिनिटांत संपली आणि धार शेवटच्या मिनिटापर्यंत बारीक झाली नाही. अंगठ्याची चाचणीही उलटली: बॅगेच्या व्हेंटला ओढ नाही, टाकीच्या व्हेंटला आहे.

टायमरही बदलला. बॅगांना बारा मिनिटं ठेवण्यामागचा विचार "थोडा जास्त चालला तर काय बिघडतं" असा असतो. रबरी इम्पेलरच्या बाबतीत बिघडतं. दोन्ही बॅगा साडेदहावर आणल्या, टाकी नऊवर. शेवटचं थोडं पाणी राहिलं तरी चालेल, पंप कोरडा फिरायला नको.

ते राहिलेलं पाणी मात्र एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात जाणाऱ्या बोटीसाठी विसरून चालत नाही. नव्या पाण्यात घुसून उपद्रव करणाऱ्या झीब्रा आणि क्वाग्गा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं अशाच उरलेल्या पाण्यातून प्रवास करतात. या मालकांची बोट एकाच तळ्यात असते, तरी हंगामाच्या शेवटी बॅगेचं बूच उघडून पाणी पूर्ण काढायला आणि बॅगा कोरड्या करून ठेवायला त्यांना सांगितलं. ही पिल्लं मारायला गरम पाण्याने धुवायचं असेल तर बॅलास्टच्या भागांसाठी सुमारे ४९ अंश सेल्सिअसवर थांबावं. बोटीच्या बाहेरच्या अंगाला वापरतात तितकं, ६० अंशांचं पाणी, पंपाच्या रबराला आणि प्लास्टिकच्या जोडांना नको.

मधल्या टाकीच्या वरच्या अंगाला पडलेला किंचित खळगा पूर्ण गेला नाही. पाणी गळत नाही, व्हेंटचं फिटिंग घट्ट आहे, त्यामुळे टाकी बदलायला सांगितली नाही. पुढच्या हिवाळी साठवणीत फिटिंगच्या बुडाशी भिंग लावून केसासारखी चीर दिसते का, एवढं पाहायचं ठरलं आहे. दिसली तर टाकी जाईल.